गव्याच्या वाटेला कोण जातो?

सिंह गेंड्याला मारू शकतो काय, हा प्रश्न प्राणिजीवनाला वाहिलेल्या दूरचित्रवाणी वाहिन्या घरोघरी पोहोचल्यापासून शाळकरी मुलांपासून निवृत्त गृहस्थांपर्यंत अनेकांच्या तोंडी असतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कुस्तीचा आखाडा असतो. एका बाजूस वनराज, दुसऱ्या बाजूस दोन टन वजनाचा चिलखती देह, आणि भोवती निकालाची वाट पाहणारे प्रेक्षक. रानात असा आखाडा कोठेच नसतो. तेथे जिंकणाऱ्याला मानाची गदा मिळत नाही आणि हरणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळत नाही. म्हणूनच या प्रश्नाचे खरे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. ते देण्यासाठी शिकारी प्राण्याच्या जमाखर्चाची वही उघडावी लागते.

मुळशीच्या रानात सिंह नाही आणि गेंडाही नाही. परंतु पौडच्या पुढे रस्ता धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी घाटाकडे वळू लागला, की ज्या डोंगररांगा दिसतात त्यांत बिबट्या आहे, सांबर, भेकर आणि रानडुक्कर आहे, आणि गव्याचेही दर्शन अधूनमधून घडते. एके काळी याच सह्याद्रीत वाघही होता. आफ्रिकेच्या माळावर सिंह आणि गेंडा यांच्यात जे घडते, त्याचा सह्याद्रीतील पाठभेद म्हणजे वाघ आणि गवा. हा पाठभेद समजून घेतला, तर पुण्याच्या उंबरठ्यावर गेल्या काही वर्षांत जे घडले त्याचाही उलगडा होतो.

आधी आफ्रिकेचे पाहू. पूर्ण वाढलेल्या आफ्रिकी सिंहाचे वजन दोनशे किलोच्या आतबाहेर भरते. काळा गेंडा साधारण टनभराचा, तर पांढऱ्या गेंड्याचा नर दोन टनांच्याही पुढे जातो. सिंहिणी कळपाने शिकार करतात हे खरे. तथापि एवढ्या देहाला खाली पाडणे, त्याच्या मानेच्या जाड कातड्यातून सुळे आरपार नेणे आणि तोवर त्याच्या शिंगापासून व पायांपासून स्वतःला वाचवणे हे काम इतके जोखमीचे आहे, की आसपास झेब्रे आणि रानम्हशी असताना कोणताही शहाणा सिंह त्याच्या भरीस पडत नाही. जबडा मोडला, एखादी बरगडी तुटली, तर ती जखम बरी करणारा वैद्य तेथे नाही. जखमी शिकाऱ्याला उपास घडतो आणि उपासाने दुबळेपण येते. दुबळा शिकारी पुन्हा शिकार करू शकत नाही. शिकारी प्राणी भित्रा दिसतो तेव्हा तो बहुतेक वेळा हिशेबी असतो.

हा हिशेब बदलतो तो वासराच्या बाबतीत. गेंड्याचे पिलू दोन-अडीच वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ आईच्या सोबतीने राहते आणि तोपर्यंत त्याचे सारे संरक्षण म्हणजे आईचे शिंग. येथे एक मौजेचा फरक आहे. पळताना पांढऱ्या गेंड्याचे पिलू आईच्या पुढे धावते, तर काळ्या गेंड्याचे मागे. मोकळ्या गवतात चरणाऱ्या पांढऱ्या गेंड्याच्या मादीला पिलू सतत दृष्टीपुढे ठेवता येते. काटेरी झुडपांत राहणाऱ्या काळ्या गेंड्याची मादी पुढे होऊन वाट फोडते आणि पिलू तिच्या मागून येते. मागून येणाऱ्याला धोका कोणत्या दिशेने असतो हे सांगावयास नको. नामिबियातील एटोशा राष्ट्रीय उद्यानात सिंहांनी काळे गेंडे मारल्याच्या घटना १९९९ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केल्या. दक्षिण आफ्रिकेतील ह्लुह्लुवे-इम्फोलोझी उद्यानात सिंहांच्या हल्ल्यातून निसटलेले काळ्या गेंड्याचे एक पिलू नंतर जखमांनी दगावल्याची नोंद २००९ मध्ये झाली. म्हणजे सिंह गेंड्याला मारतो; मात्र तो गेंडा बहुतांशी कोवळा, आजारी किंवा एकटा पडलेला असतो.

अपवादही आहेत आणि ते मोठे बोलके आहेत. बोट्स्वानातील चोबे उद्यानाच्या सावुती भागात सिंहांच्या एका मोठ्या कळपाने चक्क हत्ती मारण्याचे तंत्र आत्मसात केले होते. चित्रपटकार व संशोधक डेरेक जूबेर यांनी १९९३ ते १९९६ या चार वर्षांत अशा ७४ हत्तींची नोंद केली. हे हल्ले मुख्यत्वे रात्रीचे, कोरड्या हंगामातले. बळी बहुतेक कोवळे किंवा तरुण हत्ती, कळपापासून थोडे मागे पडलेले. अन्य सावज दूर गेले, पाणवठे आटले, हत्ती पाण्यासाठी एकाच ठिकाणी येऊ लागले आणि सिंहांची संख्या मोठी होती. इतक्या गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच जमाखर्चाची वही हत्तीच्या बाजूने उघडली. यातील एक जरी गोष्ट वगळली, तरी ते सिंह पुन्हा रानम्हशींकडे वळले असते.

आता सह्याद्रीत येऊ. गव्याला आपल्याकडे अजूनही 'रानरेडा' समजण्याची किंवा इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या सवयीने 'बायसन' म्हणण्याची पद्धत आहे. दोन्ही नावे चुकीची. गवा हा गाईच्या कुळातला, आणि जगातील रानटी गोवंशात सर्वांत थोराड. पूर्ण वाढलेला नर आठशे ते हजार किलोपर्यंत भरतो. खांद्याशी तो पुरुषभर उंच असतो. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत गेलेला त्याचा उंचवटा म्हणजे नुसता मांसाचा गोळा नाही, पाठीच्या मणक्यांच्या लांबच लांब काट्यांवर तो उभारलेला असतो. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, हिरवट-पिवळी, टोकाला काळी शिंगे आणि काळपट, तुळतुळीत अंग. राधानगरीचे अभयारण्य १९५८ मध्ये स्थापन झाले ते प्रामुख्याने याच जनावरासाठी, आणि महाराष्ट्रातले ते पहिले अभयारण्य. दाजीपूरच्या सड्यांवर पहाटे चरणारा गव्यांचा कळप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्राण्याचे अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

एवढ्या ताकदीचे दोन नर समोरासमोर आले तर काय होत असेल? अपेक्षा असते ती शिंगाला शिंग भिडण्याची. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते एकमेकांसमोर आडवे उभे राहतात. मान खाली, पाठ कमानदार, गळ्याखालची पोळी लोंबती ठेवून आपल्या देहाची पूर्ण लांबी-रुंदी प्रतिस्पर्ध्याला दाखवतात आणि संथ, ताठ पावले टाकीत एकमेकांभोवती फिरतात. काही वेळाने ज्याला आपण उणे आहोत असे वाटते तो निघून जातो. दोन्ही बाजूंनी माप घेतले गेले, रक्त न सांडता निकाल लागला. माणसासमोरही गवा प्रथम हेच करतो. तो आडवा उभा राहिला म्हणजे आपल्याकडे त्याचे लक्ष नाही, अशी समजूत करून छायाचित्र काढण्यासाठी पुढे सरकणारे हौशी पर्यटक ताम्हिणी काय किंवा महाबळेश्वर काय, सर्वत्र आढळतात. तो आडवा उभा असतो याचा अर्थ त्याने आपल्याला इशारा दिलेला असतो.

आणि वाघ? सिंह कळपात राहतो. एखादी सिंहीण लंगडत असली तरी इतरांच्या शिकारीतील चार घास तिला मिळू शकतात. वाघ एकटा. त्याच्या जखमेचा भार उचलणारे कोणी नाही. या हिशेबाने वाघाने गव्यापासून चार हात दूर राहावयास हवे. तरीही उल्हास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे केलेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाघ गव्याला पसंती देतो असेच दिसून आले. त्याच रानात राहणाऱ्या तीन शिकाऱ्यांच्या सावजांचे सरासरी वजन त्यांनी काढले: वाघाचे ९१.५ किलो, रानकुत्र्यांचे ४३.४ किलो आणि बिबट्याचे ३७.६ किलो. एकाच जंगलात तिघे नांदतात ते बऱ्याच अंशी या वाटणीमुळे. वाघाला आठवड्याला एक मोठे सावज लागते. भेकरामागे धावण्यात जेवढे श्रम, जवळपास तेवढ्याच श्रमात सांबर मिळत असेल, तर भेकर परवडत नाही. गव्याचे वासरू किंवा तरुण मादी मिळाली तर कित्येक दिवसांची ददात मिटते. त्यामुळे वाघ जोखीम घेतो. परंतु ती घेण्याची त्याची रीत ठरलेली आहे. दबा धरून अगदी जवळ जायचे, मागून किंवा बाजूने झेप घ्यायची, गळा पकडायचा आणि शिंगांच्या टप्प्याबाहेर राहून श्वास कोंडेपर्यंत सोडायचा नाही. पहिल्या काही क्षणांत हे जमले नाही तर माघार. माद्या आणि वासरांचा कळप एकत्र उभा राहिला, की वाघाला बहुधा परतावे लागते. कळप सोडून एकट्याने हिंडणारे नर मात्र आकाराने थोर असूनही कधी कधी सापडतात, कारण त्यांच्या पाठीकडे पाहणारे दुसरे डोळे नसतात.

सावज आणि शिकारी यांच्या या नात्याहून अधिक गुंतागुंतीचे नाते आहे ते मोठ्या प्राण्यांच्या आपसांतील चढाओढीचे. एकमेकांना खाण्याचा प्रश्न नसतानाही ते एकमेकांच्या वागण्यावर अंकुश ठेवतात. याचे सर्वांत विलक्षण उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील पिलान्सबर्गचे. क्रूगर उद्यानात हत्तींची संख्या कमी करण्यासाठी त्यांना मारले जात असे, आणि त्यातून पोरकी झालेली पिले पिलान्सबर्गमध्ये नेऊन सोडण्यात आली. ही पिले मोठ्या नरांच्या सहवासावाचून वाढली. तरुण नर वयाच्या मानाने फार लवकर माजावर येऊ लागले आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे ठार केले. हत्ती गेंड्याला खात नाही. त्याच्याशी त्याचे वैर असण्याचेही कारण नव्हते. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा थोराड नर आणून तेथे सोडण्यात आले. मोठ्या नराशी गाठ पडली की तरुणाचा माज उतरत असे, आणि गेंड्यांची हत्या थांबली. २००० साली 'नेचर' नियतकालिकात या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. वडीलधाऱ्यांच्या धाकाची महती सांगण्यासाठी आपल्याकडच्या कीर्तनकारांनी हे उदाहरण अद्याप कसे उचलले नाही, याचे नवल वाटते.

ही नियमनाची साखळी आपल्याकडे वाघ आणि बिबट्या यांच्यात दिसते. वाघ जेथे दाट वस्तीने असतो, तेथे बिबट्या कडेला ढकलला जातो. उत्तराखंडातील राजाजी उद्यानाच्या चिल्ला भागात वाघांची संख्या सावरू लागली, तेव्हा चौरस शंभर किलोमीटरमागे सुमारे दहा बिबटे होते ते काही वर्षांतच दोनच्या आसपास आले, आणि जे उरले त्यांच्या आहारात पाळीव जनावरांचे प्रमाण वाढले. ताडोबातही दोघांच्या गाठीभेटी बिबट्याला महागात पडतात. झाडावर चढण्याची कला आणि भूक भागवण्यासाठी काहीही चालवून घेण्याची तयारी या दोन गोष्टींवर तो तग धरतो. प्रत्येकच प्रतिस्पर्धी मात्र असा माघार घेत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ताडोबातील एका पाणवठ्यावर 'मटकासूर' नावाने प्रसिद्ध असलेला दांडगा वाघ आणि पिलासह आलेली अस्वलाची मादी यांची झुंज चित्रित झाली. सुमारे पाव तास चाललेल्या त्या झटापटीत वाघाने तिला खाली दाबून धरले होते. तरी शेवटी तिने त्याला हुसकावले. वजनाचे गणित मांडले असते तर ती केव्हाच हरली असती. तिच्या मागे पिलू होते आणि वाघासमोर फक्त एक पाणवठा. पणाला काय लागले आहे, यावर झुंज किती ताणायची ते ठरते.

मुळशी खोऱ्यात ही साखळी वरच्या टोकाला तुटलेली आहे. या मावळांत वाघ होता याची साक्ष आज रानापेक्षा देवळे देतात. सह्याद्रीच्या वाड्या-वस्त्यांवर वाघोबा आणि वाघजाई यांची ठाणी आजही पूजली जातात. वाघ केव्हा गेला याची एक तारीख सांगता येणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टाटांचे धरण येथे उभे राहिले, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा सत्याग्रह होऊनही खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली, जंगले तुटली, शिकारी झाल्या. ताम्हिणीच्या सुमारे पन्नास चौरस किलोमीटर रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला तो थेट २०१३ मध्ये. तोवर खोऱ्याच्या पूर्वेकडे हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि पश्चिमेकडे डोंगरउतारावर शेतघरांची कुंपणे चढली होती.

वाघ गेल्यावर त्याची जागा रिकामी राहत नाही. वरचा धाक गेलेला बिबट्या पसरतो. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तो उसात राहू लागला. तेथे आडोसा आहे, पाणी आहे आणि भोवती कुत्री, डुकरे, शेळ्या आहेत. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या पाहणीत, जेथे नावालाही जंगल नाही अशा शेतांच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरस आढळली. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता. मुळशीच्या बागायती गावांत बिबट्या दिसला की 'जंगलातून वाट चुकून आला' असे म्हटले जाते. उसात जन्मलेल्या जनावराला ती वाट ठाऊकच नसते.

बिबट्या दिसला की त्याला पकडा आणि दूर नेऊन सोडा, अशी मागणी होते. ती समजण्याजोगी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे प्राण गेले. ज्यांच्या अंगणात हे घडते, त्यांना शहरातून धीर धरण्याचा सल्ला देणे फार सोपे आहे. परंतु या मागणीची परीक्षा याच जिल्ह्यात एकदा होऊन गेली आहे. जुन्नर भागात २००१ पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्या वर्षापासून मानवी वस्तीत पकडलेले २९ बिबटे लगतच्या जंगलांत सोडण्यात आले आणि हल्ल्यांची सरासरी १७ वर गेली; प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. कारण पुन्हा चढाओढीतच आहे. बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. तो हलवला की मागे राहिलेल्या जागेवर नवखे येतात आणि आपसांत भांडतात. जेथे सोडला तेथे आधीचे मालक असतात, ते याला टिकू देत नाहीत. पिंजऱ्यातला ताण, अनोळखी मुलूख आणि उपाशी पोट अशा अवस्थेतला प्राणी माणसाजवळ जातो, किंवा घराची वाट धरतो. नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या आणि रेडिओ पट्टा बांधून २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याने सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईजवळचे रान गाठले, ही कथा २०१४ च्या मराठी चित्रपटामुळे अनेकांना माहीत आहे. तो मेला तो २०११ मध्ये महामार्गावर, वाहनाच्या धडकेने.

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे मात्र तुटलेली साखळी जोडण्याचे प्रयत्न चालले आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कितीतरी वर्षे तो व्याघ्रविरहित व्याघ्र प्रकल्प म्हणून थट्टेचा विषय होता. तेथे शिकाऱ्यांचे नेतृत्व रानकुत्र्यांकडे, म्हणजे कोकणपट्टीतल्या बोलीतल्या कोळसुंद्यांकडे होते. मे २०१८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्याने तेथे वाघ टिपला. राधानगरीत २०२२ मध्ये छायाचित्रित झालेला एक नर डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत दिसला; अर्थात डोंगरधारेने चालत आला. नर आले, पण मादी येईना. मादी सहसा आईच्या इलाख्यालगतच आपले घर करते, ती एवढी मजल मारीत नाही. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाच्या परिसरातून एक तरुण वाघीण चांदोलीत आणण्यात आली. ताडोबात चितळ-सांबरांवर वाढलेल्या या वाघिणीपुढे आता उभे आणि दाट रान आहे, आणि त्यात गवा आहे. चांदोलीपासून मुळशी सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. नर वाघाला हे अंतर फार नाही. मध्ये महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेले, घाटरस्ते आणि कुंपणे आहेत, हा भाग वेगळा.

तोवर मुळशीतल्या प्रौढ गव्याच्या वाटेला जाणारे कोणी नाही. बिबट्या फार तर एखादे वासरू पळवील. आठशे किलोच्या जनावराजवळ जाण्याचा विचारही त्याच्या मनास शिवणार नाही. गव्यापाशी जे संरक्षण आहे, ते लक्षावधी वर्षे वाघाशी झालेल्या व्यवहारातून आले आहे: आकार, शिंगे, कळपाची भिंत आणि थोड्या अंतराची भरधाव धाव. वाघाचा हल्ला काही क्षणांत संपतो. वाचलेला गवा शंभर-दोनशे पावलांवर थांबून दम घेतो. त्याच्या शरीराची सारी यंत्रणा या छोट्या लढाईसाठी जुळवलेली आहे. न संपणारा पाठलाग तिला ठाऊक नाही.

९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा दिसला. कोथरूडच्या पश्चिमेला टेकड्या आहेत, त्यांच्या पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे रान आणि त्याहीपुढे मुळशी खोरे. बातमी पसरायला वेळ लागला नाही. टाळेबंदीने कंटाळलेले लोक भ्रमणध्वनी उंचावून रस्त्यावर आले. भिंती, फाटके, उभ्या मोटारी आणि ओरडणारा जमाव यांतून तो जीव वाट शोधत कित्येक तास धावत राहिला. तोंडाला लागले, रक्त आले. अखेर भुलीचे इंजेक्शन मारून त्याला जेरबंद करण्यात आले आणि थोड्याच वेळात तो गतप्राण झाला.

त्याच्या मृत्यूनंतर सर्वत्र ताणाची चर्चा झाली. हा ताण म्हणजे घाबरून जाणे एवढाच नव्हे. त्याला शरीरशास्त्रीय अर्थ आहे. मोठा खुरधारी प्राणी भीतीने दीर्घकाळ धावत राहिला की त्याच्या स्नायूंत प्राणवायूची तूट पडते, आम्ल साठते, अंगाचे तापमान चढत जाते. गव्याच्या अवाढव्य देहातून ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. पुढे स्नायूंचे तंतूच फुटू लागतात. त्यांतले रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करते आणि क्षार वाढून हृदयाची लय बिघडते. हे एकदा सुरू झाले की पकडल्यानंतर दिलेली विश्रांती किंवा औषध बहुधा उपयोगी पडत नाही. काही प्राणी तासाभरात जातात, काही दोन-चार दिवसांनी. भुलीच्या औषधाचा भार त्यात वेगळाच. म्हणून वन्यप्राण्यांना पकडणारे अनुभवी पशुवैद्य धावून दमलेल्या जनावरावर भुलीची बंदूक रोखण्यापूर्वी शक्य तर त्याला शांत होऊ देतात. शांत होण्यासाठी जे लागते ते कोथरूडमध्ये त्या दिवशी कोणाच्याच हातात राहिले नव्हते. ते म्हणजे रिकामा रस्ता.

पुढे दोनच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, मुळशी तालुक्याच्या वेशीवर बावधन परिसरात दुसरा गवा आला. पुन्हा गर्दी जमू लागली. परंतु या खेपेस वन खाते आणि पोलीस आधीच सावध होते. लोकांना लांब रोखून धरण्यात आले. गव्याचा पाठलाग झाला नाही. झाडीच्या दिशेची बाजू मोकळी ठेवण्यात आली, आणि तो आपल्या पायांनी रानाकडे निघून गेला.